धोंडीरामतात्यांची मूठ

वाळू हातात घ्यायची, मूठ आवळायची, उघडायची. झालेला गोळा दोन बोटांत धरून मोडायचा. स्वच्छ तुटला तर वाळू बरोबर, भुगा झाला तर कोरडी, तळव्याला गार आणि चिकट लागली तर ओली. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं हे काम धोंडीरामतात्यांचं. ते "हाय बरोबर" म्हणाले की त्या वाळूचे साचे भरायचे आणि साच्यांत लोखंडाचा रस ओतायचा. दुसऱ्या कोणाला विचारायची पद्धतच नव्हती. ओलावा मोजायचं यंत्र दोन वर्षांपूर्वी आलं, ते माझ्या स्टोअरच्या कपाटात खोक्यातच पडून राहिलं. तात्यांसमोर ते बाहेर काढायची कोणाची छाती नव्हती, माझी तर मुळीच नाही.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. भट्टीला, घणाला, रस ओतायच्या लॅडलला हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. आणि सगळ्यात शेवटी, पाटावर बसवून, तात्यांच्या उजव्या हाताला. कोणीतरी कधीतरी कौतुकाने सुरू केलं आणि त्याची रीत होऊन बसली. यंदा तात्या बसायला तयार होईनात. "पुरं झालं की आता," म्हणाले. म्हातारा लाजतोय असं समजून आम्ही त्यांना ओढून बसवलं. आम्हाला तेवढीच अक्कल.

खरं असं होतं की तात्यांना साखरेचा आजार होता आणि त्या हाताची बोटं उन्हाळ्यापासून बधिर झाली होती. मूठ किती आवळली तेही कळायचं नाही. शर्टाची बटणं त्यांची बायको तानाबाई लावून द्यायची, आणि तिच्याशिवाय हे कोणाला ठाऊक नव्हतं. हे सगळं मला नंतर समजलं. कारखान्यात तात्यांनी युक्ती काढली होती. मूठभर वाळू वास घेतल्यासारखी तोंडाशी न्यायची आणि ओल ओठाने ओळखायची. पावसाळाभर ते निभावलं.

मग दसऱ्यानंतरचा उकाडा आला. संध्याकाळी परतीचा पाऊस चार शिंतोडे टाकून जाई आणि दिवसभर कोल्हापूर वाफेवर ठेवल्यासारखं उकडे. राजारामपुरीतल्या तात्यांच्या खोलीत दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते, बरणीतल्या मिठाचा दगड झाला होता. भट्टीपाशी तर विचारूच नका. घामाने ओठ सदाचाच ओला, त्याला वाळूची ओल काय कळणार? त्यात दोन दिवसांच्या सुटीत शेडमधला वाळूचा ढीग ती दमट हवा पिऊन बसलेला. तात्यांनी मूठ तोंडाशी नेली, तोंड पुसलं, परत नेली.

"हाय बरोबर," म्हणाले.

रस ओतणारा गुंडू, तात्यांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला. पाचव्या साच्यात रस पडला आणि साचा उसळला. ओल्या वाळूत वाफ कोंडली की असं होतं. पेटतं लोखंड गुंडूच्या डाव्या पायावर आलं, गुडघ्याखाली सगळं भाजलं.

चौकशीत साहेबांनी ठरवून टाकलं, गुंडूने घाईने ओतलं. म्हणजे चूक त्याची, आणि नोकरीही जाणार त्याचीच. वाळू चुकली असेल हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मला विचारलं तेव्हा "वाळू तात्यांनी बघितली होती" एवढंच मी सांगितलं. तात्या शेजारीच उभे होते. एक अक्षर बोलले नाहीत.

अपघाताच्या चौथ्या दिवशी दुपारी ते मला म्हणाले, "गुंडूकडं चल." दवाखान्यात गुंडूची बायको बाळाबाई त्याच्या पायावर पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"तात्या, सायबास्नी तुमीच सांगा की," ती म्हणाली. "ह्यांनी कवा घाई केलीया व्हय?"

"वाळू वली हुती," तात्या म्हणाले. "माझ्या बोटांत जीव न्हाय, गुंडू. उन्हाळ्यापास्नं."

गुंडू छताकडे बघत होता. "म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत हाय?"

"वाळू व्हटाला लावताय ते. श्रावणापास्नं बघतोय की."

"आणि तरीबी वतलंस? गाढवा, कुणाला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमास्नी घरात बसवलं असतं. मग काय केलं असतंसा, तात्या?"

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही. मला स्वतःची लाज वाटली, कारण वाळू तोंडाशी नेताना मीही त्यांना पाहिलं होतं आणि म्हाताऱ्याची लहर म्हणून सोडून दिलं होतं.

बाळाबाईने पुठ्ठा खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही.

"एकानं लपीवलं, दुसऱ्यानं झाकलं," ती म्हणाली. "आणि ह्या पायावर आता माझं घर कसं चालायचं?"

तात्या उठले आणि मला म्हणाले, "सायबाकडं चल. आत्ताच."