शौकत पिंजाऱ्याची सावर

"हीच ती सावर, भाभी. ह्याच हातांनी शौकतला इथं ठेवला मी."

"हा पांगारा हाय, फकिराभाऊ."

"लाल फुलं दिसंनात व्हय तुम्हाला?"

"दिसत्यात. वाघनखावानी वाकडी. सावरीचं फूल वाटीएवढं, जाड पाकळ्यांचं. पडलं की धप्प वाजतं."

"अन् हे काटे?"

"बारके, काळे. सावरीचा काटा बुडाशी अंगठ्याएवढा जाड." जमिलानं खाली पडलेलं वाळकं पान उचललं. "तीन पानांचं हाय. सावरीचं उघड्या पंजावानी असतं. पिंजाऱ्याच्या बायकोला सावर शिकवता?"

फकिरा पायानं ढेकूळ फोडू लागला.

सोयगावच्या डोंगरात सावरीची बोंडं फुटली की शौकत अन् ती पहाटेच निघायचे. तो कापूस पिंजायचा, ती उशा भरायची. शिंकत, हसत, पांढऱ्याफेक भुवयांनी. फकिराच्या लग्नातली गादीसुद्धा शौकतनंच भरलेली. निजामाचं राज्य बुडवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मुसलमानांवर हल्ले सुरू झाले, तशी जमिला माहेरी पाचोडला पळाली, शौकत मागं राहिला. ओढ्याकाठी तो मारून टाकलेला फकिराला दिसला. त्यानं एकट्यानं, कुणाला कळू न देता, बांधावरच्या सावरीखाली खड्डा खणून त्याला पुरलं आणि तिला निरोप धाडला : सावरीखाली हाय.

तेवढ्या निरोपावर ती पाचोडात लोकांच्या उशा भरत जगली. सावरीचा कापूस हाती आला की आधी गालाला लावायची. यायची हिंमत मात्र झाली नव्हती. आज शबे-बरातीला, मेलेल्यांसाठी दुआ मागायच्या दिवशी, एवढ्या वर्षांनी, पदरात अगरबत्ती बांधून ती प्रथमच आली होती.

"खरं सांगा. सावर कुठंय?"

"तोडली," फकिरा पुटपुटला. "मागल्या साली. गावाला होळीला उंच खोड पायजे होतं."

"अन् तुम्ही बघत राहिलात?"

"काय सांगून अडवू? खाली माणूस हाय म्हणू? त्यांनी उकरून काढला असता त्याला!"

"बुंधा?"

"शेताच्या मालकानं उपटून काढला. बांध बी मोडला, नांगर फिरवला. आता नेमकी जागा मलाबी सापडंना." त्यानं नांगरटीकडं हात केला. "तुम्ही एवढ्या लांबून येणार, रिकाम्या ढेकळांत कसं उभं करू तुम्हाला? म्हणून म्हणलं, लाल फुलांचं झाड तरी असावं."

जमिलानं नांगरटीकडं पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं सारखंच काळं.

"इथंच वाचा ना फातेहा, भाभी. तुमच्या अल्लाला समदं ठावं असतंय."

तिनं हातातलं पान खाली ठेवलं. पदराची गाठ अजून घट्ट आवळली.

"भाभी? भाकर तरी खाऊन जा. भाभी, माझं काय चुकलं ते तरी सांगा!"

ती पाचोडच्या नव्हे, सोयगावच्या डोंगराच्या रस्त्याला लागली होती.