आधी खुराड्याची कडी

कोंबड्या पाळणाऱ्या बायका एकत्र आल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, उलट अधूनमधून झाडून काढावे लागतात!

शिनोलीत आमचा गावरान कोंबड्यांचा बचत गट आहे. अध्यक्ष शांताकाकू. त्यांचं वय सोडून त्यांना काहीही विचारा. सगळ्यात नवी नंदा. ही लग्नानंतर माहेरहून कोंबडी काखेत घेऊन आली होती.

पहिल्याच ट्रेनिंगला जनावरांच्या डॉक्टरांनी वातावरण हलकं करायला विचारलं, "सांगा बरं, आधी कोंबडी की आधी अंडं?"

काकू लगेच म्हणाल्या, "आधी खुराड्याची कडी! ती ऱ्हायली, की बिबट्या दोनी प्रश्न मिटवतोय."

डॉक्टरांनी वही मिटली आणि पहिला धडा कडीवरच घेतला.

*

नंदाची कोंबडी एकदा काकूंच्या गव्हाणीत अंडं घालून आली. झालं! नंदा म्हणे, "कोंबडी माझी." काकू म्हणे, "गव्हाण माझी. अंडं काय तुज्या दारात घातलं व्हतं का?"

शेवटी गटाने निकाल दिला. अंडं उबवू द्या, पिल्लू मोठं झाल्यावर ज्या घरात शिरेल त्याचं.

निघाला कोंबडा! तोही असा, की पहाटे तीनपासून दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर उभा राहून बोंबलतो. आता काकू म्हणतात, "नंदे, तुजाच हाय गं त्यो." आणि नंदा म्हणते, "न्हाई काकू, गव्हाण तुमची."

*

भीमाशंकरला निघालेली एक गाडी काकूंच्या दारातली अंड्यांची पाटी बघून थांबली. आतल्या मॅडमनी काच खाली केली.

"अंडी फ्रेश आहेत ना?"

"थांबा जरा," काकू म्हणाल्या, "कोंबडी आत्ताच बसलीये."

*

काकूंची एक म्हातारी कोंबडी आहे, तिचं नाव मामी. अंडी देणं तिने कधीच बंद केलंय, पण खुडूक मात्र बारा महिने! म्हणजे उबवायला बसायची हौस दांडगी. खाली अंडं असो वा नसो.

एकदा ती बटाट्यांवर बसली. उठेचना. काकूंचे मालक म्हणाले, "कापा तिला. पावणं यायचंच हायेत."

आठ दिवसांनी मामीला उचललं, तर बटाट्यांना मोड आलेले. काकू मालकांना हाताला धरून घेऊन आल्या. "बगा! अंगात ऊब हाय तिच्या. लावा आता ह्ये वावरात!"

तेव्हापासून मामीला कापायचा विषय कोणी काढत नाही. उलट ज्याला पिल्लं काढायची तो तिला उसनी नेतो.

*

आणि मग नंदाच्या खुराड्याची कडी राहिली.

लावायची होती तिच्या नवऱ्याने, प्रकाशने. सकाळी नंदा बघते तर नुसती पिसं. भिंतीवरचा तो कोंबडा सोडला, तर माहेरच्या कोंबडीचा सगळा वंश गेला. नाचणीच्या टोपलीत ठेवलेली अंडी तेवढी उरली.

चूक झाली की माणूस जास्तच जोरात बोलतो. प्रकाश म्हणाला, "बास झालं आता. खुराडं मोडू, तितं गाडी लावू."

 नंदा टोपली घेऊन गावभर फिरली. पण नेमकी तेव्हा एकही कोंबडी खुडूक नव्हती. आणि मामी? ती निरगुडसरला, काकूंच्या लेकीकडे उसनी गेलेली!

काकूंनी तिथली पिल्लं निघाली का तेवढं फोनवर विचारलं आणि पहिली एसटी धरली. परत येताना पिशवीतून मान बाहेर आली. कंडक्टर म्हणाला, "आजी, कोंबडीचं तिकीट काढावं लागंल."

"काढा की. पण बाईमाणूस हाय, हाफ काढा!"

*

मामी नंदाच्या अंड्यांवर बसली. अंडी बरेच दिवस तशीच पडून होती, त्यामुळे आशा धरायलाही भीती वाटत होती. नंदा दिवसातून दहादा टोपलीला कान लावायची. प्रकाश लांबून बघायचा. एकदा मी त्याला कण्या आणि पाणी ठेवताना पाहिलं. त्याने मला पाहिलं नाही, बरं झालं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी टोपलीतून चिवचिव ऐकू आली. नंदा उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीवर आले. प्रकाश खुराड्याला नवी जाळी ठोकत होता आणि दाराला एक नाही, दोन कड्या! डॉक्टरांना जुनी आठवण झाली. लांबूनच ते खणखणीत आवाजात ओरडले, "काय मंडळी, लागला का शोध? आधी कोंबडी की आधी अंडं?"

काकूंनी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्याआधी प्रकाशने हातोडी खाली ठेवली आणि ओठांवर बोट धरलं.

"साहेब, आधी हळू बोला. मामीची पोरं झोपलीत!"