दिवसा धूर दिसता कामा नये

आमची चौकी अठरा हजार फुटांवर होती. सात माणसं, दोन फायबरच्या झोपड्या आणि एक लंगर, म्हणजे स्वयंपाकाची झोपडी. मी हवालदार, चौकीचा कमांडर. माझ्यानंतर लान्स नायक सिद्राम कोळी, अक्कलकोट तालुक्यातला. मी सोलापूरच्या भवानी पेठेतला. पलटणीत लांबच्या जिल्ह्यातला मराठी माणूससुद्धा गाववाला वाटतो, हा तर घरचाच होता. घरून आलेल्या शेंगाचटणीचा डबा आम्ही दोघं चमच्यानं मोजून खायचो.

वर सगळं केरोसिनवर चालतं. बर्फ वितळवून पाणी करायचं ते केरोसिनवर. स्वयंपाक आणि दिवाही त्याच्यावर. झोपडी गरम ठेवणारी बुखारीसुद्धा तेच पिते. ही बुखारी चोवीस तास जळते. लोकांना वाटतं वर सगळं पांढरंशुभ्र असेल. आमच्या झोपड्यांभोवतीचा बर्फ तव्याच्या बुडासारखा काळा होता. थुंकी काळी, शेंबूड काळा. रिकामे जेरीकॅन आम्ही हिमनदीच्या भेगेत ढकलून द्यायचो. खाली जाऊन त्याचं काय होतं हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

समोरच्या धारेवर शत्रूची चौकी होती आणि त्यांच्याकडे चांगल्या दुर्बिणी होत्या. एक धूर म्हणजे एक झोपडी, एक झोपडी म्हणजे तीन-चार माणसं. धूर मोजला की माणसं मोजून होतात. म्हणून स्टँडिंग ऑर्डर होती, दिवसा धूर दिसता कामा नये. रात्री धुराडं सरळ वर. उजाडलं की त्याचं तोंड वळवून एका आडव्या नळीला जोडायचं. केरोसिनचे रिकामे डबे दोन्ही बाजूंनी कापून, एकात एक घालून ही नळी सिद्रामनं स्वतः केली होती. ती बर्फाखालून पंधरा फूट जाऊन एका खडकामागं उघडायची. धूर तिथं बर्फाला लागून पसरायचा आणि विरून जायचा. नळीचं तोंड दर अर्ध्या तासानं फावड्यानं मोकळं करणं हे सेन्ट्रीचं, म्हणजे पहाऱ्यावरच्या जवानाचं काम.

सिद्राम म्हणायचा, आमच्या गावात चुलीचा धूर दिसला नाही तर शेजारीण विचारायला येते, आणि इथं दिसला तर तोफेचा गोळा येतो.

त्या दिवशी सकाळी अकराला बर्फ सुरू झाला. साडेअकराला दहा पावलांवरचं दिसेना. सिद्राम पहाटेची सेन्ट्री आणि सकाळचं बर्फ उपसणं आटोपून झोपायला निघाला होता.

"उस्ताद, धुराडं वर काढू का? कायच दिसंना झालंय."

"ऑर्डर म्हणजे ऑर्डर. पाच मिनिटांत आभाळ उघडलं तर?"

"बरं उस्ताद."

बारा वाजता रेडिओ सेटवर कंपनी कमांडर साहेबांशी बोलणं झालं. मी हवामान सांगितलं, रेशन सांगितलं. धुराड्याचं विचारलं असतं तर साहेब एका शब्दात हो म्हणाले असते. मी विचारलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी विचारणारा कमांडर कच्चा वाटेल, असं मला वाटलं.

साडेबाराला सेन्ट्रीनं नळीचं तोंड मोकळं केलं. त्याच वेळी लंगरचं छप्पर बर्फाच्या ओझ्यानं वाकायला लागलं. मी सगळ्यांना फावडी घेऊन तिकडं लावलं, सेन्ट्रीलाही. झोपडीत सिद्राम एकटाच होता. छप्पर वाचलं. एक चाळीसला मला नळीची आठवण झाली. खडक कुठं आणि नळी कुठं, काही कळेना. सगळं सपाट झालं होतं, नळीचं तोंड बर्फाखाली बुजलं होतं.

त्या उंचीवर धावता येत नाही. झोपडीचं दार उघडलं तेव्हा आत धूर कोंडला होता आणि बुखारी विझत आली होती. सिद्राम कुशीवर झोपला होता, उठला नाही. आम्ही त्याला बाहेर काढलं. आमच्यातल्या नर्सिंग असिस्टंटनं छाती दाबायला सुरुवात केली, मग आम्ही आळीपाळीनं दाबली. दोन पंचवीसला मीच थांबायला सांगितलं.

मी सेट चालू केला.

"चौकीवरून हवालदार बोलतोय. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"स्टेटस? ओव्हर."

"गेला, साहेब. ओव्हर."



"हवा उघडेपर्यंत हेलिकॉप्टर नाही. बाकीच्यांना सांभाळ. आउट."

हेलिकॉप्टर चौथ्या दिवशी आलं. चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. मला ताकीद मिळाली. पुढं यथावकाश बढती मिळत सुभेदार झालो, ते मला आजही टोचतं.

शवपेटीबरोबर त्याच जिल्ह्याचा माणूस धाडायची पद्धत आहे, म्हणून मी गेलो. अंगणात गर्दी होती. सिद्रामची बायको महादेवी आठ महिन्यांची पोर मांडीवर घेऊन बसली होती. कसं झालं, असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, "बर्फानं." एकच शब्द. वीस वर्षं तो तसाच ठेवला. दर दिवाळीला त्यांच्या घरी गेलो, जेवलो, पोरीचं कौतुक केलं आणि परत आलो.

ती पोर भाग्यश्री. आता सोलापुरात कॉलेजात शिकते, शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहते. मला मामा म्हणते. या मे महिन्यात, घामानं जीव नको झाला होता अशा एका रविवारी, ती वही घेऊन आली. कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय, लष्कराच्या धुराला हवामान करारांतून सूट असावी का. तिनं मला समजावलं की आपण किती धूर सोडतो हे देश एकमेकांना सांगतात, पण सैन्याचा धूर सांगायलाच हवा अशी सक्ती कुणावर नाही. ती सूट हवी या बाजूनं बोलणार होती. वहीतला पहिला मुद्दा तिनं वाचून दाखवला. इंधन कळलं की सैन्यबळ कळतं, म्हणून धूर लपवला तर जवानांचे जीव वाचतात. शेवटी ती वडिलांचं नाव घेणार होती.

"बरोबर हाय का मामा?"

मुद्दा बरोबर होता. तो माझ्याइतका कुणी जगलेला नसेल. पण त्याखाली सिद्रामचं नाव येणार, तेही मी ऐकत बसणार, हे मला सोसेना. मी तिला सगळं सांगितलं, वेळांसकट.

ती रडली नाही.

"मग सूट नको म्हनू का?"

मी म्हणालो, माझी चौकी कुठं आणि तिथं किती चुली, हे शत्रूला मी आजही सांगणार नाही. पण देशानं सगळ्या फौजेचं वर्षाचं इंधन एका आकड्यात सांगितलं तर त्यातून कुणाची झोपडी दिसते? आम्ही धूर शत्रूपासून लपवला तोवर ठीक होतं. पुढं तो आमच्याच ध्यानातून गेला, आणि त्या धुरात राहत होतो आम्हीच. बाकी तुझं तू ठरव.

तिनं वही मिटली.

"आईला तुमी सांगा. मी न्हाय सांगनार."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलो. महादेवी ओसरीत ज्वारी निवडत होती. मी खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. धुराडं वर काढू का, असं त्यानं विचारलं होतं आणि मी नको म्हणालो होतो, हेही सांगितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "अण्णा, त्या धुरानं तोंड लाल हुतंय का?"

"होतं. तो वायू रक्तात भिनतो. माणूस गेला तरी गाल लाल राहतात."

"पेटी उघडली तवा लाल हुते त्येंचे गाल. झोपल्यावानी. मी म्हनले, जित्ते हायत, उठवा. बायकांनी मला धरून ठेवलं. कुनी ऐकलं न्हाय." तिनं पदर तोंडाला लावला. "वीस वर्सं मला वाटतंय, आमी त्येंना जित्तं जाळलं."

माझ्या एका शब्दानं ही बाई वीस वर्षं काय घेऊन झोपत होती, हे मला कधी सुचलंही नव्हतं.

"वर चौकीवरच गेले हुते न्हवं, अण्णा? खरं सांगा."

"व्हय. वरच गेला. माझ्या हाताखाली गेला. मी हुतो तितं."