सातव्या घराची गाठ

दिवाळीच्या सुट्टीत शहाणी माणसे घरी फराळ करतात. मी बेळगावहून लोंढ्याच्या आगगाडीत बसलो. काळी नदी दिग्गी गावापाशी उगम पावते असे मी शाळेत पंधरा वर्षे मुलांना घोकायला लावत होतो आणि स्वतः तो उगम कधी पाहिला नव्हता. तुम्ही तो पाहिलाय का, असे एका पोराने वर्गात विचारले, त्याला बाकावर उभे केले, आणि मग माझे मलाच फार वाईट वाटले.

लोंढ्याहून सुप्यापर्यंत बैलगाडी मिळाली. वाटेत तिचा आस मोडला, तो दुरुस्त होईतो मी एका ओढ्यात मनसोक्त डुंबून घेतले. सुप्याच्या बाजारात मीठ न्यायला आलेला बुधो नावाचा कुणबी भेटला. त्याची वाडी दिग्गीच्या अलीकडेच होती. "चला की मास्तर, मीबी तिकडंच चाललोय," म्हणाला आणि मिठाच्या गोणीवर माझी वळकटीही डोक्यावर घेतली.

दोन दिवस आम्ही चाललो. झाडी इतकी दाट की भर दुपारी टोपीची गरज नव्हती. बुधोच्या आजोबांच्या काळी ही माणसे कुमरी करीत (रान तोडून, जाळून त्या राखेत नाचणी पेरीत) आणि दर दोन-तीन वर्षांनी डोंगर बदलीत. पुढे सरकारने जंगल राखून कुमरी बंद केली, तेव्हा वरच्या वस्त्या मोडल्या. बुधोच्या वाडीतली सात घरे ओढ्याकाठच्या भाताच्या खाचरांना धरून राहिली. "डोंगूर गेला, पन मानसं एका जाग्याला आली," एवढेच तो म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर चार पाने अर्ज खरडला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या ओढ्यावर पोचलो. ओढा कसला, नदीच ती! पाणी छातीपर्यंत आणि ओढ अशी की बैल टिकायचा नाही. त्यावर नवा साकव बांधून तयार होता. पावसात जुना वाहून जातो, म्हणून दरवर्षी नवा. टेकूला लाकडाच्या सात घोड्या, त्यांवर बांबू, आणि सगळे रानवेलींनी आवळलेले. काठावर एक म्हातारी गाठोडे घेऊन बसली होती. ही काशीआव्वा. तिच्या मुलीचे घर पलीकडे दिग्गीत, मुलीचे पहिलेच बाळंतपण, कळा सुरू झाल्याचा निरोप पहाटे पलीकडून कोणी हाक मारून दिला होता. तरी आव्वा बसलेली आणि सहा बाप्ये तिच्याभोवती उभे.

"साकव तर झालाय, मग थांबलात का?" मी विचारले.

"तिसऱ्या घोडीची गाठ ऱ्हायलीया," बुधो म्हणाला. "घराला एक घोडी. ज्याची त्यानं बांधायची. ती गणबाची हाय, आव्वाच्या भावाची."

"मग बोलवा त्याला!"

"साकवाला बोलावनं नसतंय मास्तर. आपनहून यायाचं."

गणबा दूर नव्हताच. वरच्या अंगाला एका दगडावर आमच्याकडे पाठ करून बसला होता आणि त्याच्या मांडीवर वेलीचे भेंडोळे होते! गेल्या साली आव्वाच्या म्हशीने त्याच्या कंदांचा वाफा उकरून खाल्ला. ती म्हस आपली नव्हेच, असे आव्वा म्हणाली, आणि तेव्हापासून बहीणभावांत बोलणे नव्हते.

मला राहवेना. तिकडे पोर अडलेली आणि इकडे हे मानपान! पडलेला एक वेल उचलून मी धोतर खोचले, तिसऱ्या घोडीपर्यंत गेलो आणि वळकटीला मारतो तशी घट्ट गाठ मारून परतलो. शाबासकीची वाट पाहत होतो. बुधो शांतपणे गेला, गाठ सोडली आणि वेल माझ्या हातात आणून दिला. "तुमचं घर न्हाई न्हवं हितं," तो अगदी मायेने म्हणाला.

आव्वा उठली. "पानं मांडा," म्हणाली. साकव झाला की घरटी एक पान मांडून काठावर जेवायचे, अशी तिथली रीत. मुलीसाठी घेतलेले गाठोडे तिने सोडले. नाचणीच्या भाकऱ्या, लाडू, चिगळीची (तांबड्या मुंग्यांची) आंबटजहाल चटणी. सात पाने वाढली. सहा घरे बसली. सातव्या पानाकडे कोणी पाहीना आणि घासही उचलेना. मला सपाटून भूक लागली होती, पण हात पुढे करायची छाती झाली नाही.

गणबा उठला. पानाकडे न बघता साकवावर गेला आणि घोडी बांधू लागला. पाठमोराच म्हणाला, "म्हस तुजीच हुती."

आव्वाने सातव्या पानावर आणखी एक लाडू ठेवला. मग म्हणाली, "व्हय रं. माजीच हुती."

गणबाने गाठ ओढून पाहिली. आव्वा न जेवताच, उरलेले लाडू पदरात घेऊन साकवावरून पळत सुटली. साठीची बाई अशी पळताना मी कधी पाहिली नाही. मग आम्ही जेवलो. चटणीने डोळ्यांत पाणी आले, तरी मी ती तीनदा मागून घेतली.

दिग्गीचा उगम पाहिला. घागरभर पाणी, शेवाळ आणि एक बेडूक. मी नमस्कार केला आणि हसत सुटलो.

दोन दिवसांनी परतताना साकवाच्या अलीकडच्या टोकाला गणबा खांद्यावर कांबळे टाकून उभा. "काय झालं?" त्याने विचारले.

"मुलगी. दोघी खुशाल आहेत."

तो लगेच साकवावर चढला. मी थट्टेने म्हणालो, "बोलावणं आलं वाटतं?"

"बारशाला बोलावनं लागतंय मास्तर," तो वळून म्हणाला, "बघाय जायाला कशाला?"

त्याचे ते बोलणे लोंढ्यापर्यंत, आणि पुढे गाडीतही, माझ्या कानांतून जाईना. बेळगाव स्टेशनावर टांगेवाल्याने कुठे म्हणून विचारले. घरी जायचे होते. पण शहापुरात माझी थोरली बहीण राहते. आईच्या श्राद्धाच्या दिवशी तिला मी नको ते बोललो होतो, आणि तिने बोलावले नाही म्हणून तीन वर्षे तिकडे फिरकलो नव्हतो. मी शहापूर सांगितले. आक्काने दार उघडले, माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, "पाय धू, पान वाढते."