हिरवी अक्षरं

केजच्या आमच्या बियाणं कंपनीत एक जुना सर्व्हर आहे. कोणता प्रोग्राम कुठं सापडेल हे गोदामांतल्या संगणकांना सांगणारी एक सेवा त्यावर चालते. ती रोज मीच सुरू करतो. सुरू झाली की पडद्यावरच्या तिच्या विंडोत काहीच उमटत नाही. बिचारी मुकाट्यानं राबते. आमच्या हापिसात हा मोठाच गुन्हा.

"हे कावून बंद हाय?" साहेबांनी एकदा विचारलं.

"चालू आहे, साहेब."

"मग काहीच कसं दिसत न्हाई?" असं म्हणत त्यांनी विंडोच बंद केली. सेवा मेली, सगळी गोदामं अडली आणि बोलणी मी खाल्ली.

डोकंच फिरलं माझं. पडद्यावर सारखं 'सेवा उत्तम चालू आहे' असं हिरव्या अक्षरांत लिहिणारा एक प्रोग्राम मी करून टाकला. बाकी काम शून्य. साहेब लई खूश! पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे.

परवा सेवा खरंच बंद पडली. दिंद्रुडच्या गोदामातून फोन आला. मी कीबोर्डकडे धावलो, तर साहेबांनी मला हातानंच थांबवलं. हिरव्या अक्षरांकडे बघत ते फोनवर गरजले, "इथं चालू हाय. तुमीच बंद असाल!"