कमरेला बांधलेली दोन वजनं

पन्नासच्या दशकात हिंगणघाटच्या कापूस बाजारात मी मापारी होतो, म्हणजे कापूस तोलणारा. बढाई म्हणा हवं तर, पण पाणी मारलेला कापूस मी नुसत्या हातानं ओळखायचो. वजन वाढावं म्हणून लोक काय काय करत! एकानं तर गाठोड्याच्या पोटात चांगला नारळाएवढा दगड घातला होता. मी तो सगळ्यांच्या देखत वर धरला आणि विचारलं, "हे कोणत्या पऱ्हाटीले लागलं बाप्पा?" बिचाऱ्यानं मान खाली घातली. मला मजा आली, खोटं कशाला सांगू.

त्याच हंगामात एका सकाळी माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा वर्ध्याहून पहिल्या गाडीनं आला. ती बाळंत झाली होती, पोरगा ठणठणीत होता, पण तिचं रक्त फार गेलं होतं. बाहेरून रक्त दिलं नाही तर ती वाचत नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. त्याचं स्वतःचं रक्त जुळलं नव्हतं. "तुमचं जुळंन भाऊ," तो म्हणाला, "पण शंभर रत्तलाच्या खाली वजन असलं तर घेत नाईत."

मी नेमका तिथंच अडलो. पावसाळाभर हिवतापानं मला पिळून काढलं होतं. बाजारातल्या मोठ्या काट्यावर मी गुपचूप चढून पाहिलं, शंभर रत्तलाला, म्हणजे आजच्या पंचेचाळीस किलोला, चार रत्तल कमी. पण चोराच्या वाटा चोराला ठाऊक आणि चोर पकडणाऱ्यालाही. शेर म्हणजे दोन रत्तलांहून जरा जास्तच; दोन-दोन शेरांची दोन लोखंडी वजनं उचलली, उपरण्यात गुंडाळून कमरेला बांधली आणि वरून कोट चढवला. बहिणीसाठी एवढं केलं तर काय बिघडलं, असंच मला वाटत होतं.

बायको भाकरीचा डबा घेऊन सोबत आली. खरं तर ती येईल असं वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिनं माझ्या बहिणीला पाठवलेलं लुगडं, रंग आवडला नाही म्हणून, बहिणीनं आल्या माणसाच्या हाती परत धाडलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

दवाखान्यात आधी माझं रक्त जुळवून पाहिलं. जुळलं! मग काट्यावर उभं केलं. काटा शंभराच्या पुढे गेला आणि मी डॉक्टरकडे असं पाहिलं, जसा काही बाजार मीच जिंकला.

मग त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली. टेबलावर काचेच्या पेल्यात निळं पाणी होतं. आम्ही शेतात वापरतो त्या मोरचुदाचंच, पण अगदी नेमकं मापून केलेलं. त्यात माझ्या रक्ताचा थेंब सोडला. थेंब जरा खाली गेला, घुटमळला आणि हळूहळू वर आला.

"रक्त पातळ आहे," डॉक्टर म्हणाले. "पुरेसं दाट असतं तर थेंब सरळ बुडाला असता."

आयुष्यभर मी हलका माल बाजूला काढत आलो. आता माझाच माल हलका निघाला. मी भडकलो. "दुसरा थेंब घ्या! तुमचं पाणीच बिघडलं असंन!" ते शांतपणे म्हणाले, "नाडी पाहू. कोट काढून आडवे व्हा." आडवा होताना उपरण्याची गाठ सुटली आणि दोन्ही वजनं धाडधाड फरशीवर पडली. सगळा वऱ्हांडा वळून पाहू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर रागावले नाहीत, ते एक बरं. म्हणाले, "काट्याला फसवलंत. पण थेंबाच्या कमरेला काय बांधणार? आम्ही तुमची परीक्षा नाही घेत हो. वजन पाहतो, नाडी पाहतो, रक्तदाब पाहतो, ते बाटलीभर रक्त काढल्यावर तुम्ही पायांवर उभे राहाल का, एवढ्यासाठी. एकीला वाचवताना दुसरा नको पडायला."

"पण मंग तिचं काय?" मी विचारलं. तिकडं खाटेवर ती पांढरीफटक पडली होती. लहानपणी मी तिला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं, आणि आता माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं.

दारातून आवाज आला, "माहं पाहा ना." माझी बायको. खरंच सांगतो, तोपर्यंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकांचं रक्त कुठं घेतात, असंच आम्ही समजत होतो. मी घाईनं म्हणालो, "तू नको. तुले काई झालं तर?"

"आताच आइकलं नाई काय तुमी? ते पाहूनच घेतात." मग तिनं डॉक्टरला विचारलं, "बाईचं चालते ना?"

चालत होतं. तिचंही रक्त जुळलं. अंगावर पिणारं मूल आहे का, दिवस गेलेत का, हेही त्यांनी विचारलं. आमचा धाकटा पाच वर्षांचा होता. मग तिला काट्यावर बोलावलं, तर ती खाली बसली आणि पायांतले चांदीचे तोडे काढू लागली.

"राहू द्या बाई," डॉक्टर म्हणाले.

"नाई जी. वजन माहं पायजे, चांदीचं काऊन?" असं म्हणून तिनं तोडे माझ्या हातात दिले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पायाशी ती दोन लोखंडी वजनं अजून पडलेली होती.

काटा एकशे आठवर थांबला. रक्तदाब चांगला, नाडी संथ. आणि तिचा थेंब निळ्या पाण्यात पडला तो कुठंही न घुटमळता तळाशी गेला. मी तोडे मुठीत धरून सगळ्यांसमोर रडलो.

बहीण वाचली. चौथ्या दिवशी तिला नीट बोलता येऊ लागलं, तेव्हा तिनं बायकोचा हात धरला आणि विचारलं, "वहिनी, ते लुगडं अजून हाये काय?"

"हाये. पेटीत ठेवलं हाये."

घरी जायच्या दिवशी माझी बहीण तेच लुगडं नेसून दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. एका बाजूनं तिला माझ्या बायकोनं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं तिचा नवरा पोराला घेऊन चालला होता. मी मागून सामान घेऊन चाललो होतो, आणि त्या सामानात माझी दोन वजनंही होती.