उपकारस्तुतीचा चहा

संकटाला जावयाइतका मान देणारा माणूस साऱ्या सौंसर तहसिलीत एकच होता, आणि तो मला सासरा म्हणून लाभला होता. खरा जावई मी. पण त्यांच्या घरात एखादी अडचण आली की माझा पाट मागे सरके.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. रामाकोन्याला मामाजींची संत्र्यांची लहानशी बाग होती आणि गावात ख्रिस्ती घर त्यांचंच. सुखात देव लांबून हात हलवतो आणि संकटात थेट दाराशी येतो, असा त्यांचा हिशेब होता. दाराशी आलेल्याला चहा नको का? म्हणून घरात काही वाईट झालं की संध्याकाळी मामाजी गावाला बोलावून उपकारस्तुती करत, म्हणजे देवाचे आभार मानत. चहा, चिवडा, प्रार्थना आणि शेवटी जर्मलच्या पातेल्याच्या झाकणावर ठेका धरून एक गीत. हा ठेका गीताच्या मागून यायचा. गीत संपून लोक चपला शोधू लागले तरी मामाजींचा एक ठोका शिल्लक असे. सायकल चोरीला गेली तेव्हा पायी हिंडल्यामुळे माणसं भेटू लागली म्हणून त्यांनी आभार मानले. गोठ्याची भिंत पडली तेव्हा उजेड आत आला म्हणून. संत्री तोडणीला आली असताना गारपिटीने बाग झोडपली, तर त्याच झाडांखाली सतरंजी टाकून त्यांनी फुटकी संत्री सगळ्यांना वाटली. म्हणाले, "यंदा व्यापाऱ्याच्या आधी शेजाऱ्यायनं खाल्ली. हेही बराबरच झालं."

शेजारचे गुलाबराव या चहाचे कायमचे मानकरी. दर शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणारा हा माणूस उपकारस्तुती मात्र कधी चुकवत नसे, कारण चहाचं दूध त्यांच्या म्हशीचं. बरेच दिवस शांततेत गेले की ते कुंपणावरून विचारत, "काहून बाबा, काहीच वाईट नाही झालं का तुमच्याकडं?"

"थांब गा," मामाजी म्हणत, "देव विसरला नाही आपल्याले."

मी पांढुर्ण्याला एका कचेरीत कारकून होतो. मामाजी अधूनमधून बसने आमच्याकडे येत आणि रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे साक्ष द्यायला उभे राहत. सायकल, भिंत, गारा, सगळं पुन्हा आभारांसकट. ते उठले की मी वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागे. साऱ्या मंडळीत माझ्याइतक्या घट्ट नाड्या कोणाच्याच नव्हत्या. या माणसाचे आभार एकदा तरी आटावेत, असं मला वाटे. हे मी कोणाला बोललो नाही, पण वाटे.

मग आमचा पहिला मुलगा नाव ठेवण्याआधीच गेला. मी बसच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला. दुपारी मामाजी आले आणि त्यांच्या मागे दुधाचा डबा घेतलेले गुलाबराव. मामाजींकडे संकट आलं की दूध लागतं, एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक होतं. तो डबा पाहिला आणि माझा तोल गेला.

"पाहा मामाजी," मी सगळ्यांसमोर ओरडलो, "लोक चहा प्यायले येऊन राहिले! करा ना उपकारस्तुती. वाजवा झाकण!"

गुलाबरावांच्या हातून डबा घेऊन मामाजी चुलीपाशी गेले, दूध तापवलं, बशीत ओतून फुंकर घातली आणि लेकीला आपल्या हाताने पाजलं. मग भिंतीला टेकून बसले.

"प्रभू," ते म्हणाले आणि थांबले. "आज नाही जमत बापा. तू बस इथं."

गुलाबराव रडू लागले. बायको रडू लागली. आणि मला, त्या मुलाच्या बापाला, त्या क्षणी आपण जिंकलो असं वाटलं. ते आठवलं की आजही मान खाली जाते, आणि आता तर पायात चपला, बांधायला नाड्याही नसतात.

त्यानंतर रामाकोन्यात चहा झाला नाही. विहीर ढासळली, चहा नाही. बैल गेला, चहा नाही. एकदा सौंसरच्या बाजारात गुलाबराव भेटले. "जवाईबापू," ते म्हणाले, "बाबा आता आमच्यासारखेच झाले. काही झालं तं नुसते बसून राह्यते." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

पुढच्या हिवाळ्यात माकडांनी आमच्या घराच्या छपराची कवेलं फोडली. मी बायकोला म्हटलं, चहा ठेव. ती बघतच राहिली. त्याच कंडक्टरजवळ मी निरोप दिला: जावयाकडे संकट आलं आहे, झाकण घेऊन या. मामाजी आले, झाकण आणलं नव्हतं. गुलाबराव दूध घेऊन आले. मी प्रार्थनेला उभा राहिलो. "प्रभू, ही माकडं..." म्हणालो आणि मामाजींकडे वळलो.

"मामाजी, मी त्या दिवशी तुमाले..."

"राहू द्या," ते म्हणाले. "त्या दिवशी मी प्रभूले बस म्हटलं होतं ना, तं तो बसला होता. मलेच लय उशिरा समजलं. तुमी रागात होते, पोरगी रडून राहिली होती, आन् तो आपल्या तिघायच्या मधात बसून होता. धन्यवाद म्हणा असं काही म्हणे ना बापा तो."

बायकोने आमच्या पातेल्यावरचं झाकण आणून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट पाहिलं. मग गुलाबराव हळूच म्हणाले, "बाबा, चहा थंडा होऊन राहिला." मामाजी गाऊ लागले. ठेका नेहमीसारखाच मागून आला.

मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मंडळीत आता तबला आहे, आणि तो अगदी तालात वाजतो. गीत संपतं, सगळे खाली बसतात. मी मात्र थोडा वेळ उभाच असतो, मागून यायचा राहिलेला एक ठोका ऐकायला.